फिरता आंबा आणि गुरुवारचा खुलासा

बसस्थानकामागच्या रस्त्यावर झेरॉक्सचं एक दुकान होतं आणि दुकानाच्या डोक्यावर एक खोली. खोलीत दोन संगणक, एक टेलिफोन आणि येणाऱ्याजाणाऱ्यासाठी एक लाकडी बाक. २००६ च्या आसपासची ही हकिगत. दुपारी वीज जायची. कोणत्या भागात कधी जाणार हे आदल्या दिवशी आमच्या दैनिकात छापून येत असे आणि ती चौकट लावण्याचं काम माझ्याकडे होतं. मी तिथे उपसंपादक होतो. पाळी संध्याकाळी सुरू होई. त्याआधीचा रिकामा वेळ मी बहुतेक त्या खोलीतल्या बाकावर घालवत असे.

खोली चालवणारा माणूस तिशीच्या आतला होता. तो वेबसाइट बनवायचा. आमच्या दैनिकाचं इंटरनेटवरचं पान त्यानेच केलं होतं, तेव्हापासूनची ओळख. घर मांडवीला. वडील मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. थोरला भाऊ आखातात एका गोदामात होता. त्याच गोदामात आणखी एक जागा व्हायची होती आणि मे महिन्यात रजेवर आल्यावर धाकट्याच्या पासपोर्टची प्रत घेऊन जायची, असं भावाने फोनवर ठरवून टाकलं होतं. धाकट्याला जायचं नव्हतं. त्याला रत्नागिरीत बसून हेच काम करायचं होतं. वडिलांनी वाद घातला नाही. मेपर्यंत तुझं काम धरतंय का बघ, नाही धरलं तर भावाकडे जा, एवढंच सांगितलं. हे बोलणं झालं तेव्हा जानेवारी संपत आला होता.

काम धरायचं तर हा माणूस काम जाणतो, हे लोकांना कळायला हवं होतं. त्यासाठी त्याने मराठीत ब्लॉग चालवला होता. वेबसाइट कशी असावी, रंग कोणते घ्यावेत, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसू लागले तर काय करावं, असे विषय. मराठीत हे लिहिणारे तेव्हा थोडे होते, त्यामुळे लोक शोधत येत. पानाच्या तळाशी भेटींचा आकडा होता आणि तो वाढत होता. कामं मात्र येत नव्हती.

एका दुपारी वडील जिना चढून वर आले. बाकावर माझ्या शेजारी बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "हे काय, दुकान?"

"दुकान नाही बाबा. मी लिहितो, लोक वाचतात."

"किती लोक?"

मुलाने तळाचा आकडा दाखवला.

"यात तू किती?"

मुलाने पान पुन्हा वर सरकवलं. पान उघडलं की त्याचीही भेट धरली जाई आणि तो ते पुन्हापुन्हा उघडत असे.

"बरं, तुला सोड. यातले परत किती आले?"

त्याचीही सोय होती. दुसऱ्या एका पानावर दोन पट्ट्या दिसत. नव्या माणसांची निळी, परत आलेल्यांची केशरी. निळी बरी लांब होती. केशरी आहे हे सांगावं लागत होतं.

"एकदा आलेला माणूस पत्ता चुकून पण आलेला असतो," वडील म्हणाले. "दुसऱ्यांदा आला तर मला सांग." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही पेपरातले ना? तुमचा पेपर लोक रोज का घेतात?"

"सवय," मी म्हणालो.

"मग तीच लावा की याच्या माणसांना. नुसते बाकावर काय बसता?"

सुधारणा त्या आठवड्यात सुरू झाली. आधी पानाची काळी पार्श्वभूमी गेली. तिच्यावर पांढऱ्या चांदण्या होत्या आणि त्या लुकलुकत. जड चित्रं गेली, कारण टेलिफोनच्या लाइनीवर ती उघडेपर्यंत माणसाचा धीर सुटे. मराठी अक्षरं दिसण्यासाठी काय करावं याची सूचना मराठी अक्षरांतच लिहिलेली होती, म्हणजे ज्याला ती हवी त्याला ती दिसतच नव्हती. तिचं चित्र करून वर लावलं. मथळे मी बदलले. "रंगसंगतीविषयी काही विचार" होतं, तिथे "लाल पाटीवर निळी अक्षरं का वाचता येत नाहीत" असं आलं. प्रत्येक लेखाचा पहिला परिच्छेद बातमीच्या इंट्रोसारखा बांधला: सगळं महत्त्वाचं वर, बाकीचं खाली उतरत्या क्रमाने.

निळी पट्टी वाढली. केशरी हलली नाही. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. पुढे वाचायला सवड नसलेल्या माणसाला पहिल्या परिच्छेदातच सगळं मिळावं, म्हणून बातमी तशी लिहितात. ब्लॉगवरचा वाचक अगदी तसाच वागत होता. पहिला परिच्छेद वाचून, हवं ते घेऊन जात होता. परत येण्याचं त्याला काही कारण ठेवलेलं नव्हतं.

लोक रोज पेपरात नेमकं काय बघतात यावर मग बोलणं झालं. आमच्या दैनिकात हे सगळ्यांना माहीत होतं. पहिलं पान लोक पहिलं वाचत नसत. आधी निधनवार्ता, मग किनाऱ्यावरचे लोक भरती-ओहोटीची चौकट. आणि ज्या दिवशी खुलासा छापलेला असेल त्या दिवशी खुलासा. कोणाविषयी काही छापून आलं आणि त्याने लेखी हरकत घेतली, की त्याचं म्हणणं त्याच जागी, त्याच आकारात छापायचं, हा कार्यालयाचा जुना नियम. मूळ बातमी न वाचलेला माणूससुद्धा खुलासा वाचे आणि मग मूळ बातमीचा अंक मागायला कार्यालयात येई. मी हे गप्पांत सांगितलं. सल्ला म्हणून नाही.

त्याने त्यातलं अर्धंच उचललं. बातमीसारखं कोणाविषयी तरी लिहायचं, म्हणजे लोक बघायला येतील. दर आठवड्याला कोणाचं तरी एक पान घ्यायचं आणि त्यात काय बरं, काय वाईट ते लिहायचं. पहिलं पान एका आंबा व्यापाऱ्याचं निघालं. नाव द्यावं का, असं त्याने विचारलं. देऊ नये, असं मी सांगितलं. वादात पडू शकेल अशा मजकुरात "शहरातील एक व्यापारी" असं लिहायची आमची पद्धत होती. तसंच लिहिलं गेलं.

लेख तिरकस होता. पान उघडताच सनई वाजते आणि एक हापूस स्वतःभोवती फिरू लागतो, फिरून झाल्यावर पेटीचं झाकण उघडतं, आणि तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे आंबा घेऊन मोकळं झालेलं असतं, असं त्यात होतं. व्यापाऱ्याचा फोन नंबर पानाच्या तळाशी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत होता. त्याबद्दल लिहिलं होतं, की नंबर उतरवून घ्यायचा तर त्याच्या मागे पळावं लागतं.

दोन-तीन दिवसांनी जिन्यावर पावलं वाजली. साठीचे गृहस्थ, हातात स्कूटरची किल्ली.

"आंब्यावर लिहिणारा तूच काय रे?"

"होय काका. बसा."

"बसायला नाही आलो," म्हणून ते बाकावर बसले. "माझा आंबा फिरतो तर तुझं काय दुखतं? तुझ्या परसात येऊन फिरतो?"

"तसं नव्हे काका, पान उघडायला वेळ लागतो—"

"अरे, पेटी फोडली की आम्ही पेंढा बाजूला करून आंबा गिऱ्हाइकाच्या हातात देतो. तो फिरवून बघतो. देठ बघतो, वास घेतो, मग बोलतो. मुंबईतला माणूस त्या काचेतून कसा फिरवणार? म्हणून आम्ही इथून फिरवून देतो. एवढं साधं कळत नाही आणि लोकांच्या चुका काढतोस!"

"काका, तो फिरायला लागेपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही."

"माझं थांबतं. खाली आकडा बघ, केवढा आहे तो."

"तो आकडा मुळात कितीपासून सुरू केला?"

व्यापाऱ्यांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "ते भाच्याने लावलंय," म्हणाले. "एकपासून सुरू केलं तर दुकान कालच उघडल्यासारखं दिसतं."

मी बाकावरून सांगितलं, की हे सगळं लिहून द्या, तसंच छापू, त्याच जागी, त्याच आकारात.

"तुम्ही कोण?"

"पेपरात असतो."

"तरीच. काडी टाकायला पेपरवाला हवाच." मग खोली चालवणाऱ्याकडे वळून म्हणाले, "घे लिहून."

त्यांनी सांगितलं, त्याने टंकलं. आंबा का फिरतो, याचा तो खुलासा पुढच्या आठवड्यात व्यापाऱ्याच्या नावासह ब्लॉगवर आला. ज्यांनी मूळ लेख वाचला होता ते खुलासा वाचायला आले. खाली प्रतिक्रिया आल्या. काही आंब्याच्या बाजूने होत्या. त्या आठवड्यात केशरी पट्टी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसेल एवढी झाली.

उत्तराला उत्तर लिहायचं म्हणून त्याने व्यापाऱ्याच्या नावावरून त्यांचं पान शोधून उघडलं, आणि तिथे त्याचा हात थांबला. ज्या पानावर त्याने लिहिलं होतं ते हे नव्हतंच. ते दुसऱ्या व्यापाऱ्याचं होतं. दोन्ही पानं मुंबईतल्या एकाच माणसाने केलेली होती. सनई तीच, झाकण तेच, आंबाही तोच. ज्याच्याविषयी लिहिलं होतं तो जिना चढला नव्हता. बहुधा त्याने वाचलंही नव्हतं. नाव गाळल्यामुळे मजकूर कोणालाही लागू पडत होता आणि तो ज्याने अंगाला लावून घेतला त्याने तो आता नावानिशी स्वतःचा म्हणून जाहीर केला होता.

गप्प बसणं सोपं होतं. मार्च उजाडला होता, केशरी पट्टी प्रथमच वाढत होती आणि ती या भांडणावर वाढत होती.

"सांगितलं तर संपलं," तो म्हणाला. "ते खुलासा काढून टाका म्हणणार. लोक उद्यापासून येणार नाहीत. मग मेमध्ये मी काय दाखवू?"

चूक कळल्यावर ती सांगायची, हा दैनिकातला नियम त्याला माहीत होता. तो मी पुन्हा सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने खोलीला कुलूप लावलं आणि आम्ही व्यापाऱ्याच्या गोदामात गेलो.

हंगामाच्या पहिल्या पेट्या भरणं चाललं होतं. चार गडी पेंढ्यात आंबे लावत होते. व्यापारी स्टुलावर बसून प्रत्येक आंब्याचं देठ बघून पुढे सरकवत होते.

"काका, एक सांगायचं होतं. मी लिहिलं ते पान तुमचं नव्हतं."

"म्हणजे?"

"दुसऱ्याचं होतं. तुमचं मी तोवर बघितलंच नव्हतं."

व्यापाऱ्यांच्या हातातला आंबा हातातच राहिला. "मग मी गावभर सांगत फिरलो, ते माझ्याबद्दल लिहिलंय म्हणून. त्याचं काय?"

त्यांनी आंबा पेंढ्यात ठेवला.

"आता बघितलंस का माझं?"

"बघितलं."

"मग? बरं आहे?"

"नाही काका. जास्त वाईट आहे. त्यांचा आंबा एकदा फिरून थांबतो तरी. तुमचा थांबतच नाही."

पेंढ्यात बसलेला एक गडी हसला. व्यापाऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं, तो पुन्हा आंबे लावू लागला. मग ते स्वतःच हसले, पण थोडंच.

"मेल्या, तोंडावर बोलतोस वर! मग हेच लिही. आणि माझं नाव घालून लिही. मोघम लिहिलंस तर तो दुसरा उगीच स्वतःवर ओढून घेईल आणि माझ्या पानावरून नाव त्याचं होईल. पण मी उत्तर देणार. तेवढ्याच जागेत, एक शब्द कमी नाही."

ती गोदामात ठरलेली पद्धत पुढे चालू राहिली. आधी चूक झाल्याची कबुली ब्लॉगवर वरच्या बाजूला लावली. मग नियम केले: मालकाच्या संमतीशिवाय कोणाचं पान घ्यायचं नाही, घेतलं तर नावासह घ्यायचं आणि पुढच्या आठवड्यात मालकाचं म्हणणं तेवढ्याच जागेत द्यायचं. व्यापाऱ्यांनी आपलं पान दुरुस्तीला त्याच्याकडे दिलं; ते एका झटक्यात बदलायचं नाही, दर आठवड्याला एकच दुरुस्ती करायची आणि तीही लोकांसमोर. एका आठवड्यात दुरुस्ती, पुढच्या आठवड्यात तिच्यावर हरकत. वाचकाला हवं ते पहिल्या परिच्छेदात मिळत नसे. ते पुढच्या आठवड्यात मिळे.

दिवसही बदलला. आधी लेख रविवारी येत. भेटींच्या नोंदींकडे नीट बघितल्यावर दिसलं, की परत येणारे बरेच जण आखातातले आहेत आणि ते शुक्रवारी येतात. तो त्यांचा सुटीचा दिवस. रविवारचा लेख त्यांच्या हाती पाच दिवस शिळा होऊन पडत होता. म्हणून गुरुवार ठरला.

पहिली दुरुस्ती धावत्या फोन नंबरची. तो थांबवून वर आणला. व्यापाऱ्यांची हरकत अशी, की उभा नंबर मेल्यासारखा दिसतो, धावता असला की धंदा चालू आहे असं वाटतं. तिच्याखाली दुबईहून कोणी तरी लिहिलं, "शेठ, नंबर उभाच ठेवा, घरी पेटी पाठवायची आहे." व्यापाऱ्यांना ते वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि पुढच्या खुलाशात नंबरचा विषय काढला नाही. सनईवर त्यांनी तडजोड केली. आंब्यावर केली नाही.

ते बुधवारी दुपारी येत आणि बाकावर बसून खुलासा सांगत. मजकूर जागेपेक्षा लांबला की मी कापत असे.

"हे वाक्य का काढलंत?"

"वरती एकदा आलंय."

"आलं असेल. जोर कमी होता."

एप्रिलमध्ये मालगुंडहून घरगुती निवास चालवणाऱ्या एका बाई आल्या. आमचंही पान असंच चारचौघांत दुरुस्त करा, पण उत्तर मीच लिहीन, माझ्या नवऱ्याला विचारू नका, असं त्यांनी बजावलं. मग एका शाळेचं काम आलं, एका सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याचं आलं. काम धरत होतं असं म्हणता येईल. धरलं होतं असं नाही. वडील जिना पुन्हा चढले नाहीत.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात भाऊ आला. मांडवीच्या घरी जेवायला मलाही बोलावणं होतं. सुरमईचं कालवण होतं, भात होता, आणि भावाने आणलेला खजूर मध्ये ठेवला होता. जेवताना व्हिसाचं कोणी काढलं नाही. वडील काढतील म्हणून धाकटा गप्प होता. वडील काटे काढत होते.

"आंब्याचं काय झालं रे?" भावाने विचारलं. "म्हातारा थांबवतो की नाही शेवटी?"

धाकट्याने वर बघितलं. "तू वाचतोस?"

"मी एकटा? तिकडची आमची सगळी खोली वाचते. शुक्रवारी नमाज झाली की एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे जेवतात. मंडणगडचे दोघे आहेत, ते शेठच्या बाजूचे. फिरू दे म्हणतात आंबा, तुझ्या बापाचं काय जातं. मी काय बोलणार? लिहिणारा माझा भाऊ आहे हे सांगितलेलं नाही अजून. सांगितलं तर जेवण करायची पाळी कायमची माझ्यावर टाकतील."

वडिलांनी हात थांबवला. "म्हणजे एकदा वाचून झालं तरी परत जातात ते?"

"दर शुक्रवारी."

"तेच लोक?"

"तेच. गेल्या शुक्रवारी लाइन बंद होती तर भांडणं झाली."

वडील पुन्हा जेवू लागले. भात संपल्यावर त्यांनी विचारलं, "व्हिसावर नाव पडलंय काय?"

"अजून नाही. पासपोर्टची प्रत न्यायची आहे."

"मग मामाच्या मुलाची ने. तो कधीपासून मागे लागलाय."

 धाकटा पाणी आणायला उठला आणि आत जरा जास्त वेळ थांबला. वडील मला म्हणाले, "आणि तो आंबा कशाला फिरतो, ते मला पण सांगा कोणी तरी. घरात मलाच काय ते माहीत नाही." मी सांगितलं. पेटीपासून सांगितलं. ऐकून ते म्हणाले, की व्यापाऱ्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. पुढे निघालेली तोड साधारण अशीच होती. आंबा लहान झाला, खाली गेला, आणि ज्याला फिरवून बघायचा असेल त्याने त्यावर टिचकी मारायची असं ठरलं. पण ते व्हायला आणखी काही आठवडे गेले.

भाऊ मेच्या शेवटी परत गेला. तो दिवस गुरुवार होता. मी पाळीला जाण्याआधी खोलीत गेलो, तेव्हा धाकटा फोनवर होता. भाऊ विमानतळावरून बोलत होता. सामान गेलं, सुक्या कोळंबीच्या सोड्यांचं पुडकं कोणी उघडायला लावलं नाही, मामाच्या मुलाची कागदपत्रं बरोबर आहेत, हे सगळं झालं.

"खुलासा टाकलास काय?" भावाने विचारलं. आवाज बाकापर्यंत येत होता.

"नाही. शेठ काल आलेच नाहीत. शेवटच्या पेट्या चालल्यात त्यांच्या."

"मग उद्या आम्ही काय वाचायचं?"

"जातो, घेऊन येतो," धाकटा म्हणाला. त्याने फोन ठेवला, कागद आणि पेन घेतलं, खोलीला कुलूप लावलं आणि गोदामाच्या रस्त्याला लागला. माझी पाळी सुरू व्हायची होती. मी दुसऱ्या बाजूला गेलो.